खुनी कोण ते आधी सांगा

डोमाजी पाटलांनी डोक्याशेजारची वाळूची पिशवी कोपरानं खाली ढकलली, तेव्हा मी वॉर्डच्या दारात होतो. धावत जाऊन मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं.

"पाटील, हलू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"आंग आंबून गेलं जी. मी का मढं आहो, असं पडून राहाले?"

ही स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. गोंदियाच्या दवाखान्यात मी सब-असिस्टंट सर्जन होतो. पाटलांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग दुधाळ होतं. ते चीर देऊन बाहेर काढायचं. आजच्यासारखे बारीक टाके तेव्हा आम्ही घालत नव्हतो. चीर आपोआप जुळेपर्यंत दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि रोग्यानं उताणं पडून राहायचं. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं हसायचंसुद्धा नाही. चीर उघडली की डोळा गेला.

आणि पाटलांना दुसरा डोळा नव्हता. डावा डोळा एका फिरत्या वैदूनं भरबाजारात, झाडाखाली बसवून, सुईनं घालवला होता. ऑपरेशन सिव्हिल सर्जनसाहेबांनी केलं आणि ते भंडाऱ्याला निघाले.

"माझं काम झालं, डॉक्टर. आता केस तुमची."

"साहेब, हा माणूस स्वस्थ पडणारा नाही."

"मग निजवून ठेवा. कसं, ते तुम्ही बघा."

साहेब लोकांचं हे बरं असतं.

पाटील गोरेगावकडचे कोहळी, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. उभा जन्म तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरण्यात गेलेला. अशा माणसाला खाटेला खिळवायचं कसं? झोपेचं औषध देऊन पाहिलं, तर त्यांना मळमळायला लागलं. ओकारी आली असती तर डोळ्याचं वाटोळंच होतं. औषध बंद केलं. त्यांच्या बायको भागाबाई पायाशी बसून पाय दाबायच्या आणि त्यांची कुरकुर ऐकून घ्यायच्या.

माझ्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी पडलेली असायची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. स्टेशनवरच्या स्टॉलवर जुनी मिळाली होती. मी दुपारी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि ती मराठीतून सांगायला लागलो. विलायतेतली हवेली, म्हातारा जमीनदार, त्याचा लंगडा बटलर, उनाड पुतण्या आणि घरचा सज्जन डॉक्टर. एका सकाळी जमीनदार खुर्चीत मेलेला सापडतो. तपासाला येतो एक डिटेक्टिव्ह, त्याला बारमाही सर्दी.

पाटील दगडासारखे पडून राहिले. मी खूश झालो.

दुसऱ्या दुपारी माझी खुशी उतरली. असल्या कादंबरीचं प्रत्येक प्रकरण काहीतरी लपवून संपतं, आणि मी नेमका तिथं थांबून राउंडला जायचो. भागाबाईंनी मला दारातच गाठलं.

"तुमी गेले का हे इकडून तिकडं मान फिरवते जी. कोनं मारलं, कोनं मारलं, मलेच इचारून राहिले. मले काय ठाऊक?"

आतून पाटील ओरडले, "तो लंगडाच आहे!" आणि मान उशीवरून उचलली गेली. मी पुन्हा धावलो.

"काऊन लपवून ठेवता जी?" पाटील म्हणाले. "एकदा सांगून टाका ना."

सांगायला हरकत नव्हती. रामायण ऐकणाऱ्याला रावण मरणार हे ठाऊक असतं. तरी तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही. शेवट कळला तर हा माणूस निवांत पडेल, हे मला पटलं होतं. अडचण वेगळीच होती. मी शेवट वाचलेला होता. खुनी होता घरचा डॉक्टर. त्यानं औषधातून विष दिलं होतं.

आता माझी पंचाईत बघा. एक डोळा उपचार करणाऱ्यानंच घालवलेला. दुसऱ्यावर पट्टी. समोर मी, आणि माझ्या हातात त्यांच्या दुपारच्या औषधाचा पेला. घाबरून त्यांनी पट्टी ओढली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. बटलरवर ढकलून द्यावं, असं मनात आलं. पण जो माणूस माझ्या हातून आंधळेपणानं औषध पितो, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"पाटील, खून डॉक्टरनं केला. औषधात विष घालून."

भागाबाईंचे हात पायांवरच थांबले. मला खरोखर भीती वाटली.

"डॉक्टरनंच?"

"डॉक्टरनंच."

"अन् हे तुमी सोता सांगून राहिले."

"हो."

पाटलांची मान हलली नाही.

"तो वैदू म्हने, वैद्य म्हंजे देव. मी पायच धरले होते त्याचे," ते म्हणाले. "आना तो पेला इकडं."

मी पेल्यातलं औषध चोचीच्या भांड्यातून पाजलं. ते एका दमात प्याले.

"आता सांगा, त्यानं कसं केलं ते. सावकाश सांगा."

त्यानंतर पिशव्या जागच्या हलल्या नाहीत. कथेतला डॉक्टर गोड बोलत खोलीत शिरला की पाटील मिशीत हसायचे, एक बोट वर करायचे आणि हळूच म्हणायचे, "आला." पुस्तक संपलं आणि चीरही जुळली.

पट्टी सोडली. भिंग काढलेल्या डोळ्याला सगळं धुरकट दिसतं, म्हणून मी चष्म्याच्या पेटीतलं जाड भिंग डोळ्यासमोर धरलं. पाटलांनी आधी भागाबाईंना पाहिलं.

"वाळून गेली तू," ते म्हणाले. भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले.

मग त्यांनी पुस्तक मागितलं. पहिल्याच पानावर त्या खुनी डॉक्टरचं चित्र होतं, उंच टोपीवालं. पाटलांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"हा तं तुमच्यापेक्षा भला दिसते जी."

पुढच्या फेरीला साहेबांनी डोळा तपासला. "छान. कशानं निजवलंत?"

"खुनी कोण ते सांगून, साहेब."

तेव्हापासून ऑपरेशनच्या आधी मी रोग्याला शेवटापर्यंत सगळं सांगू लागलो. किती दुखेल, किती पडून राहावं लागेल, आणि एवढं करूनही डोळा जाऊ शकतो. ऐकून काही जण उठून घरी गेले. जे राहिले, ते हलले नाहीत.