बेंबळीचा ओलावा

मला एक जुनी खोड आहे. कुणी "आज लई ऊन हाय" म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, लई म्हणजे किती? मोबाइल तापमान सांगतो, पण ते धाराशिवचं. कळंबातल्या माझ्या गच्चीवर या क्षणाला किती आहे, हे कुणीच सांगत नाही. मी शाळेत संगणक शिकवते, तेव्हा हे आपणच मोजावं असं मी एका उन्हाळ्यात ठरवलं.

तापमान आणि हवेतला ओलावा मोजणारा एक सेन्सर, हवेचा दाब मोजणारा दुसरा आणि वायफाय असलेला बोटभर लांबीचा बोर्ड असं सामान मागवलं. सगळं स्टीलच्या डब्यात बसवून गच्चीवर ठेवलं, तर डब्याची भट्टी झाली आणि आकडा भलताच वर गेला. मग कुंडीखाली ठेवतात तशा पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा आणल्या. एकीवर एक अशा फटी ठेवून रचल्या, म्हणजे आत वारा जाईल पण ऊन जाणार नाही. आमचे हे म्हणाले, "पाव्हणं आले तर बशा वरून आणायच्या का?" मी बशा रचत राहिले. अडगळीतला जुना संगणक पुसून चालू केला, आणि गच्चीवरचे आकडे त्याच्यावर येऊन एका पानावर रेघ काढू लागले. त्या रेघेकडं मी जेवण विसरून बघत बसायचे.

दाबाची रेघ मात्र मला चकवत होती. त्यासाठीचा प्रोग्राम मी कुणा परदेशी माणसाचा उतरवून घेतला होता. दाब उतरला की तो पडद्यावर पावसाचा ढग दाखवायचा. झालं असं की रोज दुपारी ढग यायचा. शेजारच्या काकूंच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. माझ्या सांगण्यावरून त्यांनी त्या लागोपाठ दोन दिवस गोळा केल्या, आणि वर आभाळ कोरडं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझ्या ढगाला म्हणावं, आधी भिजवून दाखव." मग मी वाचत बसले आणि कळलं की आपल्याकडं पाऊस असो नसो, हवेचा दाब रोज दुपारी आपोआप उतरतो आणि संध्याकाळनंतर पुन्हा चढतो. त्या परदेशी प्रोग्रामला आपल्या दुपारची सवय नव्हती. डोक्यावरची हवा रोज वर-खाली होते आणि आपल्याला पत्ताही नाही, या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की मी तो वर्गातल्या पोरांवर दोन तास काढला.

आता बेंबळीलाही असंच होतं का, हे बघायची हौस आली. बेंबळी माझं माहेर. तिथं अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच राहतात. मागच्या वर्षी ते गच्चीच्या जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर धाकट्या भावानं त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथं अण्णा दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. "हितं मला कुणी वळखत न्हाय, आन् म्या कुणाला," एवढंच म्हणायचे. शेवटी भावानं एका अटीवर त्यांना बेंबळीला सोडलं. जिन्यावर पाय ठेवायचा नाही. ठेवला, तर त्याच दिवशी पुण्याला, आणि मग परत येणं नाही. अण्णांनी मारुतीची शपथ घेतली.

बेंबळीसाठी सेन्सरची दुसरी पेटी केली आणि ती अर्थातच मी स्वतः गच्चीवर जाऊन लावली. बशा कमी पडल्या होत्या, म्हणून भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा तात्पुरता वापरला. नेटसाठी माझा जुना मोबाइल खिडकीत ठेवला. तो चार्जिंगला लावायचं काम अण्णांकडं. सांजवात लावावी तसा ते तो न चुकता लावायचे. आता पानावर दोन रेघा दिसू लागल्या, कळंबची आणि बेंबळीची, आणि दाब दोन्हीकडं हातात हात घालून दुपारी उतरत होता. भावालाही मी ते पान पाठवलं. तोही ऑफिसातून बघायला लागला.

डबा तापायचा मात्र. मी रोज फोन करायचे. "अण्णा, तुमची पेटी आज बी लई तापली. तापली की खोटं बोलती ती. परीक्षा संपल्या की बशा घेऊन येते."

"बरं," अण्णा म्हणायचे.

मग एक नवलाची गोष्ट सुरू झाली. दुपारी चारच्या सुमाराला बेंबळीचा ओलावा एकदम वर उडी मारायचा आणि तापमान घसरायचं. कळंबला असं काही नाही. मी अंदाज बांधत बसले. कुणी ऊस भिजवत असेल, जवळ तळं असेल, नाहीतर कुठूनतरी गार वारा येत असेल. वाऱ्याचा अंदाज मला फारच आवडला.

"अण्णा, चारला तिकडं गार वारं सुटतं का?"

"सुटत असंल."

"का कुणी ऊस भिजवतंय शेजारी?"

"भिजवत असंल."

माझ्या दोन्ही अंदाजांना अण्णा व्हय म्हणतायत, इथंच मला शंका यायला हवी होती. जन्मात त्यांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. भावाचा मेसेज आला, "आक्का, बेंबळीत रोज चारला पाऊस पडतो की काय?" मी ऐटीत कळवलं, बेंबळीला स्वतःचा वारा आहे, संशोधन चालू आहे.

एका रविवारी तो वारा पकडायला मी न सांगता निघाले. धाराशिवला एसटी बदलली, पिशवीत नव्या बशा आणि वाऱ्याची दिशा बघायला काठीला बांधायची फीत होती. घराचं दार उघडं, खाट रिकामी. मोबाइल खिडकीत चार्ज होत होता. बाहेरच्या जिन्यावर पायरी-पायरीला पाणी सांडलं होतं. मी वर गेले.

अण्णा गच्चीवर पाय पसरून बसले होते. शेजारी कळशी, आणि हातात भिजलेलं गोणपाट. माठाला गुंडाळतात तसं ते माझ्या पेटीभोवती नीट गुंडाळत होते.

"अण्णा."

त्यांनी मान वळवली, पण हात थांबवले नाहीत. "तूच म्हणलीस ना, तापली की खोटं बोलती. ह्यानं गार ऱ्हाती. आता खरं बोलत असंल बघ."

"आन् जिना?"

"पाय कुठं ठेवला? बसून चढलो. एक पायरी बसायचं, कळशी वर सरकवायची, मंग दुसरी."

मला आधी हसू आलं आणि लगेच रडू. वारा-बिरा काही नव्हता. ज्या उडीकडं मी इतके दिवस कौतुकानं बघत होते, ती माझे वडील मोडक्या पायानं वर ओढत होते, आणि तेही माझा आकडा बरोबर यावा म्हणून. मला स्वतःचा असा राग आला की ती पेटी तिथंच आपटावी वाटली.

"रोज फोनवर कुरकुर करतीस," अण्णा म्हणाले. "म्हणलं, पोरीचं काम आपल्या घरी बिघडाय नगं."

त्यांना उतरवताना मी एक पायरी खाली उलटी चालत होते आणि ते बसत बसत येत होते. मग पेटी काढली. अंगणातल्या लिंबाच्या सावलीत बांबू रोवला, आणि अण्णांच्या छातीएवढ्या उंचीवर ती बशांसकट बसवली. गच्चीवर आता चढून जावं असं काही ठेवलं नाही.

भावापासून लपवावं असं क्षणभर मनात आलं. पण उडी त्यानं पाहिली होती आणि तिचं कारण तो विचारणारच. मी फोन करून सगळं सांगितलं.

"मी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला.

"अरे, वर जायचं कारण मीच वर ठेवलं होतं. आता ते खाली आणलंय."

"त्यांना दुसरं कारण सापडंल. आणि मला इथं बसून कळणार कसं?"

उन्हाळा संपेपर्यंत थांब, एवढंच मी मागितलं. तो बघू म्हणाला, आणि त्याचं बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी, ऊन उतरताना, बेंबळीच्या ओलाव्यानं पुन्हा उडी मारली. मी लगेच फोन लावला.

"सडा मारला अंगणात," अण्णा म्हणाले. "रोज मारतो. आता पेटी हितंच हाय, तर तिलाबी गार वाटंल."

हवामानाच्या दृष्टीनं ही चूकच होती. पेटीशेजारी पाणी मारलं की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. मी भावाला सांगितलं, संध्याकाळची उडी म्हणजे सडा आहे, अण्णा जमिनीवरच आहेत, हवं तर तेवढे आकडे गाळून टाकते. तो म्हणाला, राहू दे. गाडीचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही. नंतरही काढला नाही, पण सोडलाही नाही.

असेच काही दिवस गेले. एकदा मी शाळेतून निघत होते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. "आक्का, ऊन उतरलं. सडा पडला नाही अजून."

मी पान उघडलं. बेंबळीची रेघ सरळ पडून होती. फोन लावला, उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा अण्णांचा आवाज आला.

"सोनारीचं पाव्हणं आलं हुतं. च्या पीत बसलो."

"अण्णा, सडा राहिला."

"मारतो की. तुला काय करायचंय सड्याचं?"

"मला न्हाय. पुण्यात वाट बघणं चाललंय."

"त्यो बघतो व्हय?"

"रोज बघतो."

त्यांनी फोन ठेवून दिला. मी शाळेच्या फाटकाशी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं रेघ हलली आणि चढायला लागली. नेहमीच्या जागी ती थांबली नाही. वर गेली, आणखी वर गेली, पेटी लावल्यापासून कधी गेली नव्हती इतकी वर. अण्णांनी त्या दिवशी अख्खं अंगण भिजवलं असणार.