कुणासाठीही खणणारी माणसं

परक्या गावात पाऊल ठेवलंय, खांद्याला पिशवी आहे, ओळखीचं कुणी नाही. तर आधी काय कराल? पी झुआली शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारत.

कुणी म्हणे प्रार्थना करीन, कुणी म्हणे गावप्रमुखाला भेटेन. एखादी हुशार मुलगी म्हणे, लहान पोरांना गाणं शिकवीन. पी सुपारीचा विडा या गालातून त्या गालात सरकवत आणि म्हणत, "सहा तास चालून पोचल्यावर मी आधी आडोशाची जागा विचारली होती. एका म्हातारीनं दाखवली. पुढे त्या गावातली पहिली ख्रिस्ती विश्वासी तीच."

वर्ग खिदळायचा. "हसा," पी म्हणत, "पण लिहूनही घ्या. जो काही विचारत नाही, त्याला कुणी काही सांगत नाही."

त्यांचं पूर्ण नाव थांगझुआली, पण लुंगलेइ गावात सगळ्यांच्या त्या पी, म्हणजे आजीच. एकोणतीस वर्षं त्यांनी दूरच्या डोंगरांत, वेगळ्या बोलीच्या लोकांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या. नवरा देवाघरी गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मिशनने त्यांना बोलावून घेतलं आणि नव्या सेवकांना घडवायचं काम सोपवलं. वर्षाला सहा जण. घरोघरच्या बायका रांधताना मिशनसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्या तांदळावर ही मुलं शिकायची. "बायकांची मूठ खाताय," पी बजावत, "तेव्हा कान उघडे आणि तोंड बंद."

तोंड बंद हे खरंच होतं. पहिले दोन महिने परक्या गावात नुसतं राहायचं. उपदेश नाही, गाणं नाही. शेतात राबायचं, पाणी वाहायचं आणि विचारायचं. बाळाचं नाव कोण ठेवतं? पहिलं कणीस कुणाला देतात? रुसलेल्या जावयाला कसं आणतात? सगळं वहीत उतरवायचं.

त्या वर्षीच्या सहांतला पेका तिसऱ्याच आठवड्यात परत आला. पी परसात मोहरीचा पाला निवडत होत्या. तो पिशवी खाली ठेवून नुसता उभा राहिला.

"मार खाल्लास?"

"नाही, पी."

"मग बस. चहा घे आणि सांग."

गावात एक म्हातारी गेली होती. पहाटे रडणं ऐकलं आणि पेका उठला. लुंगलेइचा पोरगा तो. ज्या घरी मयत, त्या घरासाठी गल्लीतली सगळी तरुण पोरं चहा उकळायच्या आत कबर खणायला हजर, हे त्याच्या रक्तातलं. त्यानं कुदळ उचलली, गावाच्या कडेला बांबूच्या सावलीतली जागा निवडली आणि एकट्यानं खणायला घेतलं. माणसं जमली, तोवर खड्डा कमरेएवढा झाला होता. ती पाहत राहिली. मग बायका पोरांना घेऊन पळाल्या. त्या लोकांत मयत जाळतात. शिवारात माणसाएवढा खड्डा उघडा पडला की तो दुसरं माणूस मागतो, असं ते मानतात. गावप्रमुख दोनोराम एवढंच म्हणाला, "तू जा." पेका निघाला तेव्हाही खड्डा तसाच उघडा होता.

"वहीत मरणाचं काही नव्हतं?" पींनी विचारलं.

"ते काय विचारायचं, पी? माणूस गेलं की कुदळ घ्यायची."

पी रागावल्या नाहीत. दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात घोळू लागल्या. एक, आपणही मुलांना हा प्रश्न कधी दिला नव्हता. आणि दुसरी, एवढी भ्यालेली माणसं, तरी खड्डा बुजवला का नाही कुणी?

उपा सांगखूमा, मंडळीतले वडीलधारे आणि मिशनच्या समितीचे प्रमुख, त्यांना असलं कुतूहल नव्हतं. "मुलगा चांगला आहे, पण या कामाचा नाही," ते म्हणाले. "कचेरीत बसवू. टाइप करेल."

"त्याला माणसं बघितल्याशिवाय करमत नाही. तिथं वाळून जाईल."

"शुक्रवारी समिती बसतेय, पी. त्याआधी गावप्रमुखाचा होकार आणा. नाही आणला, तर विषय संपला."

लहानपणापासून पेकाला सेवकाखेरीज दुसरं काही व्हायचं नव्हतं, हे पींना ठाऊक होतं.

बुधवारी दोघं जीपने निघाले. रस्ता संपल्यावर तीन तासांची चढण. पी दर वळणावर बसत. "माझ्यासाठी थांबू नको," त्या म्हणाल्या. "बरं, थांब. तुझ्याशिवाय मला उठवेल कोण?"

दोनोराम ओसरीवर टोपली विणत होता. त्यानं पेकाकडे पाहिलं नाही. पींना त्याची बोली येत होती.

"हा चुकला," त्या म्हणाल्या. "पण मी विचारायला आलेय. खड्डा बुजवला का नाही?"

"ज्यानं उघडला, त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं हात लावला तर तो त्याला मागेल." दोनोरामनं बांबूची काडी ओढून घट्ट केली. "आता मी विचारतो. म्हातारी याची कोण होती?"

"कुणी नाही."

"हा तिचं काही देणं लागत होता?"

"नाही."

"मग इतकं राबला कशाला? त्या दिवसापासून गाव यावरच भांडतंय. माझा भाऊ म्हणतो, याला आमची जमीन हवी. माझी बायको म्हणते, पोरगं वेडं आहे."

"बायकोचं म्हणणं जवळचं आहे," पी म्हणाल्या.

दोनोरामच्या मिशा हलल्या, एवढंच. "बुजवू दे त्याला. मग बघू."

पेका खणल्या जागी गेला. पावसानं उकरलेली अर्धी माती उताराला वाहून नेली होती. उरलेली लोटली तरी खड्डा गुडघाभर राहिला. मग त्यानं ओढ्यावरून टोपलीनं माती आणायला सुरुवात केली. चढ, उतार, पुन्हा चढ. गावातली माणसं एकेक करून लांब बांबूखाली येऊन उकिडवी बसली. मदतीला कुणी येणार नव्हतं आणि तेच योग्य होतं.

दुपार कलली तेव्हा दोनोराम तिथूनच म्हणाला, "ए पोरा. तुमच्यात कुणासाठीही खणता?"

पेकानं टोपली खाली ठेवली. "हो."

"चोरासाठी?"

"हो."

"ज्याचं कुणीच नाही, त्याला कोण उचलतं?"

पेकानं पींकडे पाहिलं. पींच्या जिभेवर उत्तर होतं, शास्त्रातल्या वचनासकट होतं. त्यांनी मान वळवून ओढ्याकडे पाहिलं.

पेका शब्द शोधत राहिला. त्याची बोली अजून कच्ची होती. "त्याच्याकडे," तो म्हणाला, "जास्त जण जातो."

"का?"

"रडायला घरचं कुणी नसतं म्हणून."

बांबूखाली कुजबुज झाली. कुणी प्रार्थना मागितली नाही की पुस्तक. म्हातारीची मुलगी तेवढी उठली, माती दाबलेल्या जागेशी येऊन तिनं पायानं चाचपून पाहिलं आणि दोनोरामला म्हणाली, "भरलाय नीट."

दोनोराम पींपाशी आला. "कापणीपर्यंत राहू दे. पण खणायच्या आधी विचारायचं म्हणावं."

"काहीही करायच्या आधी विचारेल," पी म्हणाल्या. "आणि तुम्ही विचारलंत तर त्याला सांगू द्याल?"

"विचारलं तर," दोनोराम म्हणाला. "आता हात धुवायला सांगा त्याला. भात निवतोय."