साताऱ्याचं विरजण
फ्रिज उघडल्यावर बिघडलेल्या दह्याचा आंबूस वास आला, की मला चारबागचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. आईने साताऱ्याहून स्टीलच्या डबीत जपून आणलेलं विरजण लखनौच्या उन्हाळ्यात बिघडलं होतं. दह्याला तार सुटायची, चव कडवट लागायची. तिने दूध जरा कमी कोमट करून पाहिलं, भांडं बदललं, शेवटी दुधात देठासकट हिरवी मिरचीही टाकली, पण काही जमेना. एका रविवारी मराठी मंडळी जेवायला आली तेव्हा मात्र मठ्ठा फक्कड झाला होता. बाबांचे साहेब दुसरा पेला मागत म्हणाले, "वा वहिनी, ही चव इकडे कुठली!" "साताऱ्याचं विरजण आहे," आई म्हणाली. इतक्यात समोरच्या भाभी जिलेबी घेऊन आल्या आणि त्यांनी मायेने विचारलं, "भाभीजी, हमारा जामन ठीक से जमा न? कम पड़े तो और ले लीजिएगा." जामन म्हणजे विरजणच; साहेब पेल्यात बघत बसले. आईचे कान लाल झाले, आणि मी तिला तिथेच एकटी सोडून गॅलरीत निघून गेले. आता लखनौतच, गोमती नगरात माझंही विरजण बिघडतं, मीही शेजारून जामन आणते. पाहुण्यांनी ताकाची तारीफ केली, की माझ्याही तोंडून साताराच निघतो, आणि नजर आधी दाराकडे जाते.