शेवटचा घोट

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्याच्या पायरीवर तो मला बऱ्याचदा भेटे. नाव मी कधी विचारलं नाही. मी समोरच्याच गल्लीतून आईच्या दम्याचं औषध न्यायला जाई. तो तळेघराकडून डोंगर उतरून, बायकोच्या खोकल्याचं न्यायला. बाटली उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरलेली असे आणि तिचं बूच तो सारखं अंगठ्यानं दाबून बघे.

एकदा बाटलीच्या तळाशी घोटभर औषध दिसलं. मी विचारलं, "हे का ठेवलंत?"

"मागं मोकळी बाटली आनली व्हती. चिठ्ठी पावसात भिजल्याली, डाक्टर भाईर गेल्यालं. कंपाउंडर म्हनला, कंचं औषद ते मला कसं कळावं? तसाच माघारी गेलो. तवापासून शेवटचा घोट ती पीतच न्हाई. मोकळ्या बाटलीला कोन वळखतंय, दादा?"

"आणि तोवर खोकला उसळला तर?"

"बाटलीकडं बघती, अन् पदर तोंडात धरती."

त्या दिवशीही डॉक्टर गावात नव्हते. कंपाउंडरनं बूच काढून वास घेतला, "हं, तेच," म्हणाला, आणि बाटली धुवायची म्हणून तो घोट मोरीत ओतून दिला.

भरलेली बाटली हातात आली तरी हा मोरीकडेच बघत होता.

"तिच्या तोंडचा व्हता," एवढंच म्हणाला आणि उन्हात चालू लागला.

संध्याकाळी आईच्या जुन्या बाटलीतलं औषध संपलं. मी बाटली पेल्यावर उपडी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून राहिलो.