मालूचं नाव राहिलं

सत्यवतीबायशिवाय रोडपालीत हळद लागत नाही, गावात कुणालाही विचारा. ती धवलारीन. लग्नात धवले गाऊन देवांना आणि त्या घरच्या पितरांना नावानिशी मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. बाहेर डीजे कितीही बोंबलू दे, बाईने सूर लावला की मांडव गप्प. कुठल्या घरात कोण वारलं, सगळं तोंडपाठ. त्याचा तोरा होता तिला, आणि का नसावा?

मग नव्या बंगल्याच्या गुळगुळीत फरशीवर ती सटकली आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. डॉक्टरांनी दुखण्यावर कडक गोळ्या दिल्या, थोड्या दिवसांपुरत्या. टाके निघाले, भाकऱ्या थापता यायला लागल्या, तरी गोळी सुटेना. ओळखीचा मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला, मेला! सून रंजिता म्हणाली, "आई, अजून कसल्या गोळ्या?" तर ही उसळली, "हात माझा हाय का तुझा?" गोळी चुकली की घाम फुटायचा, पाय वळवळायचे, जीव कासावीस व्हायचा. ती म्हणायची, हातच दुखतो.

त्याच काळात तिची जिवाभावाची मैत्रीण मालू गेली. सत्यवती मयताला बसली, घरी आली, जेवली. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, बाई घट्ट मनाची. कसली घट्ट! त्या गुंगीत तिला काही लागतच नव्हतं.

पुढे मालूच्याच नातवाची, हितेशची, हळद निघाली. सत्यवती गोळी घेऊन मांडवात बसली. देव बोलावून झाले, पितरांची पाळी आली, आणि बाईच्या तोंडून खणखणीत नाव निघालं, काशिराम. काशिराम म्हणजे मालूचा नवरा, समोरच खुर्चीवर बसलेला!

म्हातारा ताडकन उठला. "अगो सत्यवती, मी जित्ता हाय! गेली ती मालू!"

पोरं फिदीफिदी हसली. सत्यवतीने सावरायला तोंड उघडलं, तर पुढची ओळच येईना. रंजिताने तिला धरून घरी आणलं. शेजारणी म्हणाल्या, देव कोपला, नारळ द्या. सत्यवती सकाळी म्हणाली, "देवाला कशाला मधी आणता? ही गोळी माझं डोकं खाते. चल गो रंजिता, डॉक्टरकडं."

डॉक्टर म्हणाले, "हाड केव्हाच जुळलंय, आजी. आता हात नाही, तुमचं शरीर गोळी मागतंय. पण एकदम तोडायची नाही. मी सांगेन तशी हळूहळू कमी करू."

तिने सगळ्या गोळ्या रंजिताच्या हवाली केल्या. "मी शिव्या घातल्या तरी जास्त देऊ नको." शिव्या घातल्याच, त्यासुद्धा ठेवणीतल्या. रंजिताही ऐकून घेणारी नव्हती, तिने दोन परत केल्या. गावातल्या लग्नांना दुसरी धवलारीन यायला लागली. सत्यवती ओट्यावर बसून तिच्या चुका काढायची आणि म्हणायची, "थांबा, मी येते परत." तिला त्याची खात्रीच होती.

गोळी पुरती सुटली. मग एके सकाळी काशिराम स्वतः दारात आला. "माझी नात पूर्वी, तिची हळद हाय. तिला तूच पायजे."

"आनि परत चुकले तं?"

"चुकलीस तं मी हाय ना समोर, ओरडायला!"

ती गेली. मनगट थोडं ठणकत होतं, ठणकू दे म्हणाली. देव आले. पितर सुरू झाले तसा मांडव श्वास रोखून बसला. काशिरामचा बाप, आई, थोरला भाऊ, एकेक नाव जागच्या जागी. मग तिने हाक घातली, ये गो माझे मालू, नातीच्या हळदीला ये. मालू गेली, खरंच गेली, हे तिला तेव्हा कळलं. गालांवरून पाणी घळाघळा वाहायला लागलं. रंजिता पदर घेऊन पुढे आली, तिला सत्यवतीने हातानेच मागे सारलं, आणि रडत रडत पुढची ओळ उचलली.