न वाळणारा मास्क

आधीच सांगून टाकते, मी ग्रहणात मिसळ चापणारी, शनिवारी नखं कापणारी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर "पित्त झालं असेल" म्हणून वाटेला लावलंय. आता तुम्ही मला तेच म्हणालात तरी हरकत नाही. पण आधी ऐका... आणि शक्यतो जेवताना वाचू नका.

सदाशिव पेठ, तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, एप्रिलचा शेवटचा आठवडा. रविवारी आमच्या रेवाचा साखरपुडा. ती नोकरीसाठी खराडीत राहते. उन्हाने माझ्या चेहऱ्याची पार खारी झाली होती. पार्लरवाली म्हणाली, "काकू, तेल भरपूर आहे, पाणीच नाही." रेवाने लगेच कोरियन शीट मास्कचा बॉक्स पाठवला. फोनवर बजावलं, "आई, एक मास्क, वीस मिनिटं, मग फेकून दे."

फेकून दे!

बुधवारी दुपारी पाकीट फोडलं. आत डोळ्यांना भोकं पाडलेलं गार, बुळबुळीत फडकं. तोंडावर ठेवलं तर थेट शिळ्या दुधाची साय... आणि ओघळ कानात. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "पाहुणे रविवारी येणारेत. आत्तापासून कशाला घाबरवतेस?"

पण वीस मिनिटांनी गाल असे टवटवीत! आणि मास्क अजून ओलाचिंब. चांगला ओला मास्क टाकून द्यायला माझा हात धजेना. पुन्हा पाकिटात घातला आणि फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी ठेवला.

गुरुवारी बघते तर पाकिटात पाणी वाढलेलं. लावला. लिंबं सुपारीएवढी झाली होती, कोथिंबिरीचा चुरा. मी फ्रिजला शिव्या घातल्या. संध्याकाळी रेवा राहायला आली. शुक्रवारी पाकीट टम्म फुगलेलं, फ्रिजमध्ये असून कोमट, आणि आतल्या पाण्याला भेंडीसारखी तार. किळस आली ना? मलाही आली. तरी लावला! उरलेली तार कोपरांना, टाचांना चोळली. हे म्हणाले, "छान दिसतेस." एकतीस वर्षांच्या संसारात हाही अनुभव अमानवीयच म्हणायचा.

शनिवारी सकाळी रेवा स्वयंपाकघरात आली. ओठ फुटलेले, गालांचे पापुद्रे सुटलेले. "आई, तांब्या-तांब्या पाणी पितेय गं, तहान भागतच नाही. उद्या हे तोंड घेऊन कशी बसू?" ती रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मला लिंबं आठवली. ती आत गेल्यावर मी पाकीट उघडून हुंगलं. गोडसर, आंबूस वास. तान्ही रेवा दूध ओकली की तिच्या मानेच्या वळीत यायचा, तोच. तो वास मी गालांवर थापत होते.

दारात कचरा न्यायला सुरेखा आली होती. तिने मास्क चिमटीत धरला.

"काकू, कापड ओल्यात चालत नाही. आणि ओलं कापड सुक्यात चालत नाही. वाळवून द्या."

गॅलरीत दोरीवर चिमटा लावून टांगला. दुपारपर्यंत उन्हाने गॅलरी तापली, पण मास्क वाळेना. उलट खालची बादली अर्धी भरली... आणि आत रेवाची जीभ टाळ्याला चिकटायला लागली. इकडे ठिबकत होतं, तिकडे ती सुकत होती. मी मास्क खस्सकन ओढला आणि तिच्यासमोर नेऊन धरला.

"ई! वापरलेला? किती वेळा?"

"तीनदा. तोंड इकडे कर."

"शी! गरम आहे, आई! तार येतेय!"

"तुझीच आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

वीस मिनिटं तिचे दोन्ही हात धरून बसले. मांजर दूध चाटतं तसा आवाज येत होता. काढला तेव्हा मास्क पापडासारखा कडक. खाली रेवाचा चेहरा, नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखा. मग मात्र ती ढसाढसा रडली. या वेळी व्यवस्थित पाणी काढून.

रविवारी पोर देखणी दिसली. माझ्याच खपल्या निघत होत्या. एका फोटोत माझ्या गालाचा पापुद्रा तिच्या जरीवर पडलेला स्पष्ट दिसतो. विहीणबाई म्हणाल्या, "दगदग झाली असेल."

सोमवारी सुरेखाने मास्क मोडून पाहिला. "हं. आता झाला सुका."

डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात. फ्रिजवाला म्हणतो, फ्रिज ठणठणीत आहे. हे म्हणतात, "एकच मास्क तीनदा लावलास, तोही वैतागला असेल." मला यातलं काहीएक पटलेलं नाही, आणि दुसरं सुचतही नाही.

फक्त एक गोष्ट मला नीट समजते, आणि ती मी रेवाला सांगितलेली नाही. त्या शनिवारी वास ओळखल्यावर मी सरळ दाराकडे गेले नव्हते. आधी आरशासमोर थांबले होते. मास्क अर्धा बाहेर काढलेला, मान वर केलेली. उद्या फोटो आहेत, एकदाच शेवटचं, असं म्हणत. आतून रेवाचा कोरडा खोकला ऐकू आला म्हणून हात खाली आला.

एकदा खोकली तेव्हा नव्हे. दुसऱ्यांदा खोकली तेव्हा.