पानातलं मीठ

महाडला आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे, त्यामुळे ते जेवायला बसले की मला कळायचं. पहिला घास आणि पहिली तक्रार यांत घास गिळण्यापुरतंच अंतर असे. "आमटी हाय का पाणी हाय गो?" बाकी माणूस दिलदार, कुणाच्याही कामाला धावणारा. पण नावं ठेवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

या चातुर्मासात त्यांनी मौन धरून जेवायचा नेम केला आणि भिंत गप्प झाली. एकदा भर जेवणात मी गेलो, तर ते भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवून डोळे मिटून चावत होते. इतकं सावकाश जेवताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

कार्तिकी द्वादशीला नेम सुटला. त्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं होतं. वाढताना वहिनी हळूच म्हणाल्या, "चार महिन्यांचं साठलंय. आज सगळं बाहेर पडेल बघा."

मी कुळथाच्या पिठीचा घास घेतला. पिठीत मीठच नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घास चावला, पानाच्या कडेचं मीठ भातात कालवलं आणि ते म्हणाले, "पिठी वाढ गो अजून."

मागून वहिनी जेवायला बसल्या आणि पहिल्याच घासाला ओरडल्या, "अवो, मीठ राह्यलंय! सांगितलंत नाय?"

"पानात होतंच की मीठ," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं पानात काय होतं?"

ते खो खो हसले आणि उठून त्यांनी स्वतःच्या हाताने वहिनींच्या पानात मीठ वाढलं.